खटका आमच्या हातात द्या

टीव्ही बंद केला म्हणून टीव्हीमागची स्टिक बंद होत नाही. स्ट्रीमिंगच्या बॉक्सला वायरचं इंटरनेट जोडलं म्हणून त्याचा वायफाय रेडिओ गप्प बसेलच असंही नाही. मेनूत शिरा आणि शोधा. पडद्याचे रंग बदलता येतात, अक्षरं मोठी करता येतात, आवाजाचे चार प्रकार निवडता येतात. रेडिओ पूर्ण बंद करायची सोय मात्र कित्येक यंत्रांत सापडत नाही, आणि सापडलीच तर चार पायऱ्या खाली, भलत्याच नावाने. पैसे आपण मोजले, वीज आपली, भिंत आपली. घरात कोणतं यंत्र केव्हा बोलणार हे मात्र कंपनी ठरवणार. हे मला मान्य नाही. तुम्हीही मान्य करू नका.

हा विषय माझ्या डोक्यात पक्का बसला तो मुल्लानपूरमुळे. चंदीगडच्या अगदी वेशीवर असलं तरी मुल्लानपूर पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात येतं. नव्या वसाहतीचं नाव ‘न्यू चंदीगड’. शेतं, शेतांतून उगवलेल्या उंच इमारती, महाराजा यादविंद्रसिंग क्रिकेट स्टेडियम आणि टाटा मेमोरियल सेंटरचं होमी भाभा कर्करोग रुग्णालय. माझी मावसबहीण, आमची ताई, तिथल्या एका सोसायटीत राहते. माहेर सांगलीचं. १७ सप्टेंबर २०२५ रोजी सांगलीच्याच स्मृती मानधनाने या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९१ चेंडूंत ११७ धावा केल्या आणि भारताने सामना १०२ धावांनी जिंकला. त्या दुपारी ताईच्या घरी टीव्ही चालू होता आणि खिडकी उघडी. आरोळी आधी खिडकीतून यायची, चौकार नंतर पडद्यावर दिसायचा.

त्यात नवल नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर अंतर तीन सेकंदांत कापतो. ओटीटीचं चित्र मैदानातून निघतं, त्याचे काही-काही सेकंदांचे तुकडे होतात, ते सर्व्हरवर चढतात, तिथून उतरतात, आणि दोन-चार तुकडे हाताशी जमल्याशिवाय आपलं यंत्र दाखवायला सुरुवातच करत नाही. हा उशीर त्या पद्धतीतच आहे. वायफायला त्याचा दोष देता येत नाही. पण ऐन शतकाच्या तोंडावर चित्र गोठलं आणि मधोमध ते गोल चक्र फिरू लागलं, तो प्रताप मात्र वायफायचाच होता.

दुसऱ्या दिवशी ताईने केबलवाल्या मुलाला बोलावून राउटरपासून बॉक्सपर्यंत लॅनची वायर ओढून घेतली. चित्र अडकायचं थांबलं. तिच्या सासूबाईंचा प्रश्न मात्र वेगळाच होता. “आता तरी त्या डबड्याच्या लहरी बंद झाल्या ना?” रुग्णालयाच्या रस्त्यावरून रोज जाणारी-येणारी माणसं त्या बघतात. हातात फायलींच्या पिशव्या, तोंडाला मास्क, कुणाच्या डोक्यावरचे केस गेलेले. त्या रस्त्याला राहणाऱ्या बाईने घरातल्या प्रत्येक लुकलुकणाऱ्या दिव्याकडे संशयाने बघावं, यात हसण्यासारखं काही नाही.

ताईने फोनमधली वायफायची यादी उघडली. शेजाऱ्यांचे राउटर होते, खालच्या मजल्यावरच्या कुणाचा प्रिंटर होता, आणि सगळ्यांत वर, भरगच्च रेघांसह, ‘डायरेक्ट’ने सुरू होणारं एक लांबलचक नाव. तो तिचाच बॉक्स. मागे वायर खोचलेली, टीव्ही बंद, आणि हा हवेत आपलं नाव पुकारतोय. तिने हेल्पलाइनला फोन लावला. उत्तर आलं, “मॅडम, ते फीचर आहे. बंद करता येत नाही.” कंपनीचं नाव इथे देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही.

“सासूबाईंना काय सांगू?” ताईने मला विचारलं.

आधी सासूबाईंचं उत्तर. लहरींच्या भीतीवर आपल्याकडे बरंच रान उठलेलं आहे. मुंबईत मोबाइल टॉवरवरून सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं भांडणं झाली. २०२१ मध्ये जुही चावला फाइव्ह-जीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने दावा फेटाळला आणि २० लाखांचा दंड ठोकला, तो पुढच्या वर्षी खंडपीठाने २ लाखांवर आणला. या सगळ्यात एक कागद हमखास नाचवला जातो. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना ‘२-ब’ गटात टाकलं, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’. या गटवारीत पुरावा किती पक्का आहे हे सांगितलेलं असतं, धोका किती मोठा आहे हे नव्हे. त्याच ‘२-ब’ गटात पारंपरिक आशियाई पद्धतीने खारवलेल्या भाज्याही आहेत. आणि पहिल्या गटात, जिथे पुरावा पक्का मानलाय, तिथे तंबाखू आहे, पानाचा विडा आहे, नुसती सुपारीसुद्धा आहे. २०२४ मध्ये याच आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा आला; मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही. आणि मोबाइल आपण कानाला लावतो. टीव्हीमागचा बॉक्स दहा फुटांवर असतो, त्याची ताकद साधारण दशांश वॅट किंवा त्याहून कमी, आणि अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते.

तेव्हा सासूबाईंना माझा निरोप असा: बॉक्सने तुम्हाला कर्करोग होणार नाही. घरात कुणी सुपारी कातरत असेल, मावा मळत असेल, तर त्याचा हात धरा. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून आणि त्याचं मुल्लानपूरचं भावंड ऑगस्ट २०२२ पासून हेच सांगतंय. गुटख्याची पुडी खिशात ठेवून टॉवरविरुद्ध सह्या गोळा करणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशाने माणसं दगावतात.

भीती बाजूला काढली म्हणून मागणी खोटी ठरत नाही. घोडं नेमकं इथेच पेंड खातं. आजवर वायफाय बंद करायचा खटका मागितला तो बहुतेक घाबरलेल्या माणसांनी. मग कंपन्यांचं काम सोपं झालं: भीती खोटी आहे असं सिद्ध केलं की खटकाही देऊ नका. मला खटका हवा तो घाबरून नव्हे. घर माझं आहे म्हणून. आणि त्यामागे कारणं आहेत, ती कुठल्याही अभियंत्याला तोंडावर सांगता येतील अशी आहेत.

हवा सामाईक आहे, हे त्यातलं मोठं कारण. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी आपल्याकडे २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाली. निर्णय चांगला होता. त्यामुळेच वायफाय घरोघर आलं. पण ही पट्टी अरुंद आहे. तिच्यात १३ चॅनल, आणि एकमेकांवर न चढणारे जेमतेम तीन: १, ६ आणि ११. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं, हा वायफायचा नियम. आता प्रत्येक राउटर, आणि ‘डायरेक्ट’ नावाने स्वतःचं छोटं जाळं उभं करणारा प्रत्येक बॉक्स, कुणी ऐकत असो-नसो, सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाक देतो. ही हाक मुद्दाम सगळ्यांत संथ वेगात दिलेली असते, म्हणजे जुन्यातल्या जुन्या यंत्रालाही कळावी. संथ असल्यामुळे ती हवा जास्त वेळ अडवते. एका बॉक्सचा वाटा चिमूटभर. पण वीस मजली इमारतीत घरोघर एक राउटर, एक बॉक्स, एक प्रिंटर, एक स्पीकर धरा. सार्वजनिक नळावर प्रत्येकाने बादली नसतानाही रांगेत उभं राहावं, तशी गत होते. ताईचं चित्र शतकाच्या तोंडावर गोठलं ते अशा गर्दीत. संध्याकाळी सगळे घरी आल्यावर नेट ‘स्लो’ होतं म्हणून आपण मोठा प्लॅन घेतो. वाढीव पैसे कंपनीला जातात, आणि अडचण राउटरपासून टीव्हीपर्यंतच्या दहा फुटांत तशीच राहते.

दुसरं कारण दाराचं. हवेत पुकारलेलं नाव जिन्यात उभ्या असलेल्या माणसालाही दिसतं. तुमच्या घरात कोणत्या जातीचं यंत्र आहे, घरमालक म्हणून तुम्ही त्याला कोणतं नाव दिलंय (आणि लोक सर्रास स्वतःचं आडनाव आणि फ्लॅट नंबर देतात), हे सगळं त्याला फुकट कळतं. मोहाली-खरडच्या पीजीत राहणाऱ्या मुलांना विचारा. सगळे एकाच वायफायवर. एकाने टीव्हीवर सिनेमा लावला की दुसऱ्या खोलीतल्याच्या फोनवर त्या सिनेमाचं बटण उमटतं. घरात जे दार तुम्ही वापरतच नाही, ते उघडं ठेवण्यात शहाणपण नाही. सुरक्षेच्या क्षेत्रातला कुणीही माणूस पहिलं हेच सांगेल: जे लागत नाही ते बंद करा. पण बंद करायला कडी तरी हवी.

विजेचं कारण लहान आहे, पण सांगून टाकतो. सतत दोन वॅट खाणारं यंत्र वर्षाला साडेसतरा युनिट खातं. एका घराला हे काहीच नाही. देशाला आहे.

कंपन्यांची बाजूही मांडायला हवी. रेडिओ त्यांनी उगाच घातलेला नाही. जुना रिमोट इन्फ्रारेड होता. तो म्हणजे एक प्रकारचा प्रकाशच, समोर नेम धरावा लागायचा आणि मध्ये काही आलं की अडायचा. टीव्हीच्या पाठीमागे लपलेल्या स्टिकला तो प्रकाश दिसणार नाही. म्हणून आजचा रिमोट ब्लूटूथवर नाहीतर वायफाय डायरेक्टवर बोलतो. फोनवरचं चित्र टीव्हीवर फेकायचं तेही अशाच वाटेने. ज्याला हे हवंय त्याला ते मिळावंच. माझा आक्षेप सोयीला नाही. ती नको म्हणायची सोय काढून घेतली, त्याला आहे.

आणि हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये, कारण ते करून झालेलं आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या कित्येक लॅपटॉपच्या कडेला वायफायचा सरकता खटका असायचा, बोटाला लागायचा, अंधारातही कळायचा. प्रत्येक फोनमध्ये विमानाचं चित्र असलेलं बटण आहे. विमानवाहतुकीच्या नियमांनी मागितलं म्हणून ते आलं. युरोपीय संघाने २०१३ च्या ८०१ क्रमांकाच्या नियमात स्वच्छ लिहिलं की जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणात बिनतारी जोडणी बंद करण्याची सोय वापरणाऱ्याला दिलीच पाहिजे. १ जानेवारी २०१५ पासून तो लागू झाला. हेतू काय होता? वीज वाचवणं. लहरींच्या भीतीचा तिथे विषयच नव्हता. सवलत एकाच प्रकारच्या यंत्राला: ज्याला दुसरी वाटच नाही, वायरची जोडणी नाही आणि एकुलत्या बिनतारी जोडणीवर ज्याचं सगळं काम चालतं. ही सवलत मला रास्त वाटते. ज्या स्टिकला वायफायखेरीज इंटरनेटच नाही, तिचं वायफाय बंद करून ती टीव्हीत खोचण्यात अर्थ नाही. पण ताईच्या बॉक्सला लॅनची खाच होती. त्याला कुठलीच सवलत बसत नाही.

फ्रान्सच्या संसदेने त्याच वर्षी, २९ जानेवारी २०१५ ला, रेडिओ लहरींवरचा वेगळा कायदा मंजूर केला. पाळणाघरांत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खोल्यांत वायफाय नको, प्राथमिक शाळेत धडा संपला की ते बंद करा, आणि यंत्राच्या माहितीपुस्तिकेत बिनतारी इंटरनेट चालू-बंद कसं करायचं हे स्पष्ट लिहा. मुलांच्या बाबतीत ती सावधगिरी जरा जास्त झाली असं म्हणता येईल. पुस्तिकेच्या बाबतीत कुणाला हरकत असेल असं मला वाटत नाही.

तोवर घरी काय करायचं, हे विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. गुगल किंवा अँड्रॉइड टीव्ही असेल तर सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’खाली वायफायचा खटका सापडतो, वायर जोडा आणि तो बंद करा. ब्लूटूथ वेगळं असतं आणि रिमोट त्यावर चालतो, तेव्हा त्याला हात लावण्याआधी हाताशी दुसरा रिमोट ठेवा. परदेशातल्या आपल्या मंडळींकडे रोकूचा बॉक्स बराच दिसतो. त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘डिव्हाइस कनेक्ट’ नावाची ओळ आहे, ती बंद केली की ‘डायरेक्ट’चं जाळं थांबतं. रिमोटच त्या वाटेने बोलत असेल तर मात्र वाट बंद आणि रिमोट मुका, हे आधी बघून घ्या. स्टिकला लॅनची खाच नसते. तिला वायर जोडायची तर वेगळं अ‍ॅडॉप्टर लागतं. त्याचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट असला तरी भरपूर झाला, कारण फोर-के चित्रालाही नेटफ्लिक्स १५ मेगाबिटच पुरेसे मानतं.

आणि ज्या यंत्रात यातलं काहीच नाही, त्याला भिंतीवरचा खटका. आपल्या देशात प्लगच्या शेजारी स्विच असतो, अमेरिकेतल्या घरांत तो सहसा नसतो. स्टिकला टीव्हीच्या यूएसबीऐवजी स्वतःचं अ‍ॅडॉप्टर द्या, ते स्विच असलेल्या प्लगमध्ये लावा, आणि झोपताना तो स्विच बंद करा. अपडेट चालू असताना तेवढं करू नका. ताईच्या घरी आता रात्री सासूबाईच तो खटका दाबतात. त्यांचं कारण वेगळं, माझं वेगळं. बॉक्स दोघांसाठीही सारखाच बंद होतो.

पण नागरिकाने भिंतीवरून वीज तोडावी हा उपाय झाला, व्यवस्था झाली नाही. व्यवस्था आपल्याकडे तयार आहे, वापरायची तेवढी राहिलीय. परवानामुक्त पट्टीत बोलणारं कोणतंही यंत्र भारतात आणायचं तर दूरसंचार विभागाच्या ‘वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन’ शाखेची प्रकार-मान्यता लागते. बाजारात ‘ईटीए’ म्हणतात ती हीच. वायफायचा बॉक्स, ब्लूटूथचा स्पीकर, मुलांचं रिमोटचं खेळणं, सगळे या दारातून आत येतात. कंपनीला तिथे आपल्या यंत्राची वारंवारता आणि ताकद कागदावर द्यावी लागते. म्हणजे सरकार विचारतं की हे यंत्र कुठे बोलणार आणि किती मोठ्याने. गप्प कसं करायचं, हे विचारत नाही.

दुकानात उभे असाल तेव्हा विक्रेत्याला हाच प्रश्न विचारा, लाजू नका: “याला वायर लावली की वायफाय पूर्ण बंद करता येतं का? करून दाखवा.” त्याला येणार नाही. त्याला आलं नाही तरी विचारा, कारण तोच प्रश्न पुढे वितरकाकडे जातो. ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी हा विषय हातात घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. वजनमाप, छापील किंमत, मुदतीची तारीख या गोष्टीही कुणीतरी आधी चिवटपणे मागितल्या म्हणूनच पाकिटावर आल्या. आणि दूरसंचार विभागाकडे मागणी एका ओळीची आहे. ईटीएच्या अर्जात एक रकाना वाढवा: वायर जोडलेली असताना वापरणाऱ्याने या यंत्राचा प्रत्येक रेडिओ कुठून बंद करायचा. तो रकाना कंपनीने रिकामा सोडला, तर मान्यता देऊ नका.